आलेच

अल्लाबक्ष खोगिरे शिवत असत. त्यांचे चिरंजीव हुसेन यांनी टांग्याच्या घोड्यांचे साज शिवले, आणि हुसेन यांचे शमशुद्दीन यांनी भवानी पेठेतल्या त्याच ओट्यावर बसून माणसांचे बूट शिवले. तीन पिढ्या दुसऱ्यांना दूरवर पोचवण्यात गेल्या. स्वतः त्यांच्यापैकी कोणी कात्रजच्या घाटापलीकडे पायी गेल्याचे ऐकिवात नाही. चौथ्या पिढीतली नसीमबानू मात्र शिकली, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवू लागली आणि नकाशात दाखवायचे डोंगर आधी आपण चालून पाहावेत, असे तिने ठरवले. घरातल्या बायकांनी कपाळाला हात लावला. शमशुद्दीन यांनी मात्र म्हशीच्या कातड्याचे बूट शिवले, टाचेला अर्धचंद्रासारखी लोखंडी नाल ठोकली आणि ते लेकीपुढे ठेवून म्हटले, "आता डोंगर झिजेल. टाच झिजायची नाही."

त्या नसीमबानू १९८६ साली मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. शाळेने समारंभ केला. शाल झाली, श्रीफळ झाले, भाषणे झाली, आणि उत्तरादाखल बोलताना त्यांनी नेहमीप्रमाणे प्रेमलाबाई गद्रे यांची आठवण काढली. ती काढावीच लागे. दोघी एकाच वर्षी शाळेत लागलेल्या, एका बाकावर बसून वह्या तपासणाऱ्या, सुट्ट्यांत एकत्र डोंगर तुडवणाऱ्या.

"प्रेमलाबाई माझ्याहून हुशार होत्या," त्या म्हणाल्या. "पण हट्टी. पाय मुरगळलेला असताना, मी नको म्हणत असताना, त्या कोकणाच्या वाटेने एकट्याच पुढे गेल्या. डोंगराने त्यांना परत दिले नाही."

सभागृह हळहळले. पुष्कळ वर्षे ते याच ठिकाणी हळहळत आले होते.

चहाच्या वेळी प्रेमलाबाईंच्या धाकट्या भगिनी वासंतीबाई जवळ आल्या. टपाल खात्यात नोकरी केलेली, सरळ कण्याची, अविवाहित बाई.

"छान बोललात," त्या म्हणाल्या. "गेल्या खेपेपेक्षा छान. सराव उपयोगी पडतो."

"वासंतीबाई, आज तरी—"

"आज तर सांगतेच. आमची प्रेमला स्वारगेटचा चौक ओलांडतानासुद्धा माझा हात धरायची. ती एकटी पुढे गेली, हे आईनं शेवटपर्यंत मानलं नाही. मी मात्र मानलं. कुणीतरी एकीनं तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता ना?"

त्यांनी पेढ्याची बशी होती तशीच टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

खरे एवढेच होते. पानशेतच्या पुरानंतर दोन वर्षांनी, दिवाळीच्या सुटीत, दोघी वेल्ह्याहून पायी निघाल्या होत्या. खांबवाडी, चिरेवाडी, सुपलीवाडी असे गावोगाव मुक्काम करीत घाटमाथ्याने जायचे आणि सुपलीच्या खिंडीतून कोकणात उतरायचे, असा बेत होता. शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी व्हायची होती, आणि ती या दोघींपैकीच एकीला मिळणार होती. त्याविषयी चालताना दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. न बोललेले सगळे पाठीवरच्या पिशव्यांत होतेच.

खिंडीत प्रेमलाचा पाय मुरगळला. पाहता पाहता घोटा सुजला. दरीतून धुके चढत होते. नसीमबानूंनी तिला वाटेकडेच्या सपाट धोंड्यावर बसवले, आपली घोंगडी तिच्या खांद्यांवर टाकली आणि सांगितले, "इथून हलू नकोस. सुपलीवाडीतून माणसं घेऊन मी आलेच."

आलेच. हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो! बाहेरून हाक आली की तो तोंडातून निघतो. माणूस अजून जागचा हललेला नसतो, हातातले काम हातातच असते, आणि शब्द मात्र सांगून मोकळा होतो की येणे झाले, येऊन पोचलेसुद्धा. दुसऱ्या कोणत्याही गोष्टीची इतकी आगाऊ ग्वाही आपण कोणाला देत नाही.

सुपलीवाडीच्या पहिल्याच घरातल्या म्हातारीने नसीमबानूंना चुलीपाशी बसवले, गुळाचा चहा दिला आणि विचारले, "आनखी कुनी हाय का मागं?" माणसे निघाली असती, पण धुक्यात त्यांना नेमकी जागा दाखवायला नसीमबानूंना उठावे लागले असते. ऊब तळपायांतून चढत होती. खिंडीत बसलेल्या प्रेमलापेक्षा, पुण्यात खुर्चीत बसलेली प्रेमला त्यांना त्या क्षणी अधिक स्पष्ट दिसत होती.

"येतीलच त्या," नसीमबानू म्हणाल्या आणि त्यांनी कप पुढे केला.

त्यांनी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. त्या फक्त उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी धुके फाटल्यावर माणसे वर गेली, तेव्हा धोंड्यावर कोणी नव्हते. दरीत उतरून शोधले, कोकणातल्या गावांत निरोप धाडले. काही नाही. पुण्याला परतल्यावर त्याच आठवड्यात नसीमबानूंनी ते नालेचे बूट भंगारवाल्याला देऊन टाकले. शमशुद्दीन यांनी एकदाच विचारले, "चावत होते का?" नसीमबानूंनी होकाराची मान हलवली. बाप आणि लेक त्यानंतर बुटांविषयी कधी बोलले नाहीत.

वासंतीबाईंच्या त्या बोलण्यानंतर नसीमबानूंना घास गोड लागेना. दिवाळीची सुटी जवळ आली, तेव्हा त्यांनी भावाच्या मुलीला, मुमताजला, बोलावून सांगितले, "वेल्ह्याहून सुपलीच्या खिंडीपर्यंत चालायचे आहे. तू बरोबर चल."

मुमताज कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत असे. फूफीच्या, म्हणजे आत्याच्या, धाकात वाढलेली आणि त्या धाकाला फारशी न जुमानणारी. "फूफी, निवृत्तीनंतर लोक महाबळेश्वरला जातात. तेही गाडीनं."

"कोणाला तरी शब्द दिला होता. तो राहिला आहे."

"कुणाला?"

"चालताना बोलू नये. दम लागतो."

"अजून आपण घरातच आहोत," मुमताज म्हणाली. पण पिशवी भरायला गेली.

स्वारगेटला नेहमीची गर्दी होती. चौकशीच्या खिडकीत नसीमबानूंनी वेल्ह्याच्या गाडीची वेळ विचारली. आतल्या नियंत्रकाने कागदांतून डोके वर काढले नाही.

"अहो बाई, मघाशी एकदा सांगितलं ना? गाडीपर्यंत येऊन खिडकीची जागा धरून दिली. ती पसंत पडली नाही वाटतं?"

"मी आत्ता येते आहे."

तेव्हा कुठे त्याने वर पाहिले. नसीमबानूंचे पांढरे केस पाहून त्याचा चेहरा किंचित बदलला. "तुम्ही नाही का? पण आवाज तुमच्यासारखाच होता. हुकूम सोडल्यासारखा. फलाट सहा."

मुमताज गाडीत बसेपर्यंत हसत होती. "फूफी, असा आवाज पुण्यात दुसऱ्या कुणाचा आहे, यावर माझा विश्वास नाही. तो माणूस खोटं बोलतोय."

वेल्ह्याला उतरून त्या चालू लागल्या. भात कापणीला आले होते. खुरासणीची पिवळी शेते उतारांवर पसरली होती आणि ओल्या पेंढ्याचा वास वाटेवर साचला होता. नसीमबानूंचा श्वास पूर्वीसारखा साथ देत नव्हता, पण चाल सरळ होती. सायंकाळच्या आत त्या खांबवाडीला पोचल्या. गावचे पोलीस पाटील सर्जेराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी बायकांना हाक मारून पाणी आणवले आणि पुन्हा पुन्हा वाटेकडे पाहू लागले.

"कोणाची वाट पाहता?" नसीमबानूंनी विचारले.

"तुमच्यातल्या त्या दुसऱ्या बाईंची. म्होरं गेल्या त्या. बोलवायला पोरगं धाडू का?"

"आम्ही दोघीच आहोत."

"असं?" सर्जेरावांनी अडकित्ता थांबवला. "मग कोन म्हनायच्या त्या? पुण्याच्याच वाटल्या. लई घाईत. म्या म्हनलं, बाई, या, च्या घ्या. तर मान बी वळवली न्हाई. 'आलेच' म्हनल्या आन् सरळ डोंगराकडं गेल्या. आलेच म्हनून उलट्या अंगाला जानारं मानूस म्या पैल्यांदाच बघितलं!"

ओसरीवर सगळे हसले. मुमताजही हसली. नसीमबानूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, आणि तो ठेवताना फरशीवर वाजला.

दुसऱ्या दिवशीची वाट उभ्या चढाची होती. कारवीच्या झुडपांतून वर आल्यावर वारा थंड झाला, खाली निळसर डोंगरांच्या रांगा एकीमागे एक उघडल्या, आणि मग एका पठारावर नाचणीच्या शेताकडेने जाताना मुमताज वाकली.

वाट तेथे ओलसर होती. मातीत बुटांचे ताजे ठसे होते, आणि प्रत्येक टाचेच्या मागच्या कडेला एक अर्धचंद्र खोल रुतलेला होता.

"नाल लावलेले बूट आता कोण घालतं?" मुमताज म्हणाली. "दादाजान शिवायचे तसले. पाऊल बायकी दिसतंय. तुमच्याच मापाचं आहे बघा, फूफी."

"पुढे चल."

"पाय ठेवून तर बघा."

"मुमताज, पुढे चल."

तो आवाज मुमताजने लहानपणी एकदोनदाच ऐकला होता. ती चालू लागली. ठसे त्यांच्या पुढे पुढे जात होते. ते सगळे एकाच दिशेचे होते.

चिरेवाडीत मथुराबाईंच्या अंगणात भात झोडणे चालले होते. मथुराबाई घरची कर्ती बाई, तोंडाने फटकळ. पाहुण्यांना पाहून त्यांनी पेंढी खाली टाकली, पदराने चेहरा पुसला आणि त्या नसीमबानूंकडे टक लावून पाहत राहिल्या.

"तुमची लेक हाय व्हय ती?"

"ही? ही माझ्या भावाची."

"ही न्हाई हो. म्होरं गेली ती. नाक, कपाळ, समदं तुमचंच उचललंय. आई मागं आन् लेक म्होरं, ही कसली तऱ्हा? म्हाताऱ्या आईला सोडून पळती व्हय?"

"मला मूल नाही," नसीमबानू म्हणाल्या.

"मग धाकटी भन असंल." मथुराबाईंनी पुन्हा पेंढी उचलली. "दर साली भात झोडायला आला की जाती. बोलत न्हाई, बसत न्हाई. हाक मारली तर 'आलेच'. मी ह्या घरात सून म्हनून आले, त्याला धा-बारा सालं झाली व्हती, तवापास्नं बघती. तवा मी तिच्याच वयाची व्हते."

एवढे बोलून त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांना उशिराच ऐकू आले असावे. त्यांनी पेंढी धरलेल्या आपल्या हाताकडे, त्यावरच्या सुरकुत्यांकडे आणि ठसठशीत शिरांकडे पाहिले. मग पेंढी फळीवर आपटली.

"ती परत कधी येते?" मुमताजने विचारले.

"परत?" मथुराबाई विचारात पडल्या. "परत येताना कुनी बघितली न्हाई."

जेवताना मुमताजने निरीक्षणातल्या चुकांविषयी पुष्कळ सांगितले: दुरून पाहिलेले चेहरे, एकमेकींत मिसळलेल्या आठवणी, गावात एकाने सांगितलेले दुसऱ्याला दिसू लागणे. ती चांगली शिक्षिका होती. नसीमबानूंनी तिला एकदाही टोकले नाही, आणि त्यानेच ती शेवटी गप्प झाली.

सुपलीवाडी तिसऱ्या दिवशी, उन्हे कलताना आली. कड्याच्या पोटाशी बिलगलेली, मोजकी घरे. पहिले घर तेच होते. कौले नवी होती, उंबरा तोच होता. दारात मैना नावाची एक प्रौढ बाई उभी होती, आणि तिने नसीमबानूंना नाव न विचारता ओळखले.

"या, बाई. या वक्ताला तुम्ही सोताच आलात." ती हसली. "मी तवा नवी नवरी व्हते. कोपऱ्यात बसून तुमच्या बुटांकडं बघत व्हते. बाईमानसाचे असले बूट म्या कवाच बघितले नव्हते."

तिने दोघींना आत नेले. चूल त्याच कोपऱ्यात होती. मैनाने लाकडे पुढे सरकवली, पातेले ठेवले आणि सहज, जुनी ओळख काढावी तसे, ती मुमताजला सांगू लागली, "हितंच बसल्या व्हत्या तुमच्या आत्याबाई. सासूबाईनं इचारलं, आनखी कुनी हाय का मागं? तर म्हनल्या, येतीलच त्या. सासूबाई मरस्तवर म्हनायची, त्या बाईनं नुसतं हो म्हनलं असतं, तर मी पोरांना मशाली घिऊन धाडली असती."

मुमताजने फूफीकडे पाहिले.

"प्रेमलाबाई पुढे गेल्या नव्हत्या तर," ती हळूच म्हणाली.

"नाही."

"आणि खोटं बोललं म्हणून मला तुम्ही—" तिने वाक्य सोडून दिले. मैनाने दोघींपुढे चहा ठेवला, तो कोणी उचलला नाही.

"धुकं आलं की आमी वर जात न्हाई," मैना म्हणाली. आपण काही उघडे केले हे तिच्या गावीही नव्हते. "वरनं कुनी इचारतं, 'आलीस का गं?' आन् खालनं जबाब जातो, 'आलेच!' पुन्यांदा इचारतं, पुन्यांदा जबाब. सुपं वाजवली, नारळ फोडला, कशानं ऱ्हात न्हाई. शबुद पोचतो, बाई. मानूस पोचत न्हाई."

सकाळी निघताना मुमताजने नसीमबानूंच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या. राग तिच्या चेहऱ्यावर होता, पण हात सावकाश चालत होते. "मी बरोबर येते," ती म्हणाली. "तिथं तुम्हाला काय करायचं ते करा. मग परत जाऊ आणि थेट वासंतीबाईंच्या घरी जाऊ. तुम्ही बोलाल. मी बाजूला बसेन."

"बोलेन," नसीमबानू म्हणाल्या. त्यांना त्या क्षणी खरोखरच तसे वाटत होते.

पहिला चढ स्वच्छ उन्हात गेला. दुसऱ्या वळणावर ऊन फिके झाले, आणि खिंडीखालच्या कातळाशी पोचेपर्यंत धुक्याने त्यांना पुरते झाकले. हाताच्या अंतरावरचे गवत दिसेना. पाण्याचे बारीक कण पापण्यांवर बसू लागले. कुठे पाखराचा आवाज नव्हता.

"फूफी, जरा थांबू या," मुमताज मागून म्हणाली. "वाट दिसत नाही."

नसीमबानू थांबल्या. वरून, अगदी जवळून, कोणीतरी विचारले,

"आलीस का गं?"

प्रश्नात त्रागा नव्हता. फार वेळ एकाच जागी बसलेल्या माणसाचा तो आवाज होता. घसा कोरडा पडलेला, पण अजून विश्वासाने विचारणारा.

आणि खालच्या धुक्यातून उत्तर आले, "आलेच!"

तो आवाज तरुण होता, हुकमी होता. नसीमबानूंनी तो आपल्या छातीत ओळखला.

"तुम्ही काही बोललात?" मुमताजने विचारले.

"नाही."

कातळावर टाचांचा आवाज होऊ लागला. लोखंड दगडावर वाजत होते. तो आवाज घाईघाईने वर आला, मुमताजला मागे टाकून नसीमबानूंच्या अगदी शेजारून गेला. ओल्या चामड्याचा वास आला. चार पावले पुढे जाऊन तो थांबला, आणि मग तेथे काहीच उरले नाही.

"आलीस का गं?"

खालून उत्तर आले नाही.

नसीमबानू वाट पाहत राहिल्या. धुके वाट पाहत राहिले. उत्तर देणारे आता दुसरे कोणी नव्हते.

शब्द त्यांच्या जिभेवर आलाच होता. सवयीचा, बिनखर्चाचा. त्यांनी तो दातांमागे अडवला, त्याच्या शेपटाचे एक अक्षर तोडून टाकले आणि उरलेला उच्चारला.

"आले."

त्या पुढे गेल्या. धोंडा होता तेथेच होता. त्यावर घोंगडी पांघरलेली एक आकृती बसली होती. चेहरा पदराच्या सावलीत होता. एक पाय पुढे पसरलेला, घोटा सुजलेला, त्यावरची त्वचा अजून ताणलेली आणि तांबूस.

"किती वेळ लावलास," प्रेमला म्हणाली.

नसीमबानूंनी पाठ केलेले पुष्कळ काही होते. त्यातले काही त्यांना आठवले नाही. त्यांनी हात पुढे केला.

"ऊठ."

हातात आलेला हात थंड होता आणि पेंढीसारखा हलका होता. प्रेमला ओढ घेऊन उठली. ती उठत गेली, तसतसे नसीमबानूंच्या गुडघ्यांतले बळ ओसरत गेले, आणि ती पुरती उभी राहिली तेव्हा नसीमबानू धोंड्यावर बसलेल्या होत्या. त्यांच्या उजव्या घोट्यात कळ होती. घोंगडी त्यांच्या खांद्यांवर होती. ती ओली होती, आणि आतून, कोणी नुकतेच बसून उठावे तशी, गरम होती.

"फूफी!"

मुमताज धुक्यातून धावत आली. नसीमबानूंनी मान वर केली. मुमताज त्यांच्या समोरून गेली आणि तिने उभ्या असलेल्या बाईचा दंड धरला.

"किती हाका मारल्या! अशा पुढे काय निघून आलात? आणि लंगडताय का? पाय मुरगळला?"

"हो," ती बाई म्हणाली.

"मुमताज," नसीमबानूंनी हाक मारली.

मुमताजने वळून पाहिले. तिची नजर धोंड्यावरून फिरली, घोंगडीवरून फिरली आणि पलीकडच्या धुक्यात गेली. "कुणी बोललं का?"

ती बाई फक्त नसीमबानूंकडे पाहत उभी राहिली. घाई तिलाही नव्हती. आता उत्तर द्यायचे की नाही, हे धोंड्यावर बसलेल्या बाईने ठरवायचे होते.

नसीमबानूंचा आवाज सबंध मैदानाला पुरत असे. पोटातून एक हाक मारली असती, तर ही पोर धुके फाडून त्यांच्यापाशी आली असती. निदान तिने शोधले तरी असते, आणि शोधता शोधता तीही येथेच राहिली असती. त्यांनी मुमताजच्या चेहऱ्याकडे पाहिले. लहानपणी तापात त्यांच्या मांडीवर निजणारा तो चेहरा होता.

त्यांनी ओठ मिटून घेतले.

"कुणी नाही," ती बाई म्हणाली.

"चला. माझ्यावर भार टाका. खाली गेलं की मैनाबाईंकडून पाला बांधून घेऊ." मुमताजने तिच्या कमरेभोवती हात घातला. "फार दुखतोय का?"

"कधीचा."

दोघी उतरू लागल्या. धुके त्यांच्यापुरते विरळ झाले होते. नसीमबानूंना दिसले की त्या बाईच्या अंगावर त्यांचीच पांढरी साडी आहे, पाठीला त्यांचाच बाक आहे, आणि मुमताजने सकाळी बांधलेल्या नाड्या तिच्या बुटांवर आहेत. भवानी पेठेतले घर तिकडे गेले. नाव गेले, पांढरे झालेले केस गेले, वासंतीबाईंच्या दारी जाऊन बोलायचे ते बोलणेही गेले. जेवढे घेतले होते तेवढे सगळे परत केले गेले. देण्यासारखे आता काही शिल्लक नव्हते.

वळणावर ती बाई थांबली. मुमताजला एक क्षण थोपवून तिने मागे पाहिले. नसीमबानू रोज सकाळी आरशात पाहत आल्या होत्या, तोच तो चेहरा होता. त्यावर राग नव्हता, समाधानही नव्हते.

घराबाहेर पडताना कोणीही बोलते, तो परत येण्याचा साधा एक शब्द ऐकायला मिळेल म्हणून नसीमबानू पुढे झुकल्या.

"जाते हं, नसीम," ती म्हणाली.